निळ्या बाटलीचं बूच

बायडाबाईच्या हातात कुणी बाटली दिली की ती आधी उलटी करून तिची बेंबी बघायची. बेंबी म्हणजे बुडाचा खरबरीत वण. फुंकून केलेली बाटली कारागिराच्या सळईवरून तोडून घेतात, तिथं तो राहतो. "मानूस काय नि बाटली काय, नाळ तुटल्याबिगर कोनी जन्मस का?" ती म्हणायची. बेंबी दिसली की काम सोपं. नाही दिसली तर मग ती शिवण बघायची. साच्यातून निघालेल्या बाटलीला कडेनं एक बारीक रेघ असते, तिच्यावरून बायडाबाई अंगठ्याचं नख चालवत वर न्यायची. रेघ मानेतच विरली तर बाटलीचं तोंड हातानं घडवलेलं, म्हणजे जुनी. रेघ थेट ओठावर चढून पलीकडं उतरली तर मशीनची, म्हणजे काल-परवाची. मग ती बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आवाज ऐकायची. आवाजावरून काही कळत नसे, पण ऐकायला तिला आवडायचं.

हे शास्त्र तिला आईच्या पोटातून आलेलं नव्हतं. शिंदखेड्याकडच्या गावातून ती आणि तिचा नवरा बारकू सिल्वासाला आले तेव्हा तिला बाटली म्हणजे राकेलची एवढंच ठाऊक. बारकूला मसाटच्या दोऱ्याच्या कारखान्यात मशीनवर काम लागलं. मागच्या चाळीत एक खोली मिळाली. बायडाबाई गावाकडं निंदणी-कापणीला वाघिणीसारखी, इथं मात्र दाराशी बसून दुसऱ्यांची पोरं मोजत बसायची पाळी आली. चार दिवस बसली, पाचव्या दिवशी पाटी घेऊन निघाली.

सिल्वासात त्या वर्षांत एका मालाला तोटा नव्हता, रिकाम्या बाटल्यांना. गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवार आला की वापीकडून गाड्यांची रांग लागायची. माणसं सरळ येत, वाकडी जात, आणि बारच्या परसात बाटल्यांचा डोंगर टाकून जात. बायडाबाई त्या उचलायची, दमणगंगेवर राखेनं घासायची, गोणीत भरून द्यायची. बारकूला ते काही सोसेना.

"लोक म्हनतस, बारकूनी बायको बारमां जास," तो कुरकुरला.

"मागल्या दारनी जास मी," ती म्हणाली. "तू पुढल्या दारनी जात नही ना, तितलं पुरे शे."

बारकूनं टोपी घातली आणि तो कामावर निघाला. पुढल्या दाराचं त्याचं त्याला माहीत होतं.

जुन्या बाटलीची गोडी तिला लावली दत्तात्रय मास्तरांनी. मास्तर कोकणातले, सिल्वासाच्या शाळेत शिकवायला आलेले. रिकामी बाटली विकायला म्हणून त्यांनी तिला हाक मारली आणि तिच्या पाटीत मान घालून बसले. पाटीत एक हिरवी, जाड, जरा कललेली बाटली होती, कुणाच्या तरी पोर्तुगीज वेळच्या घराची पडवी खणताना निघालेली. मास्तरांनी ती उन्हात धरली. आत काचेत बुडबुडे अडकलेले, तळ्यातल्या मासोळीनं सोडावेत तसे.

"बाई, हा कुणाचा तरी श्वास आहे हो," मास्तर म्हणाले. "फुंकणारा मेला असेल, श्वास आत राहिला."

बायडाबाईला श्वासाबिसाचं काही वाटलं नाही. तिनं बघितलं ते एवढंच, की शिकलेला माणूस एका वाकड्या बाटलीपुढं खुळा होतो. म्हणजे या मालात दम आहे. तिथून दोघांची जोडी जमली. मास्तरांनी कुठून कुठून वाचून सांगायचं, आणि हिनं नखानं पडताळायचं. मास्तर चुकायचे, हीसुद्धा चुकायची. एकदा तर दोघांनी मिळून एका बरणीला शंभर वर्षांची ठरवलं आणि मास्तरांच्या मंडळीनं, मालतीबाईंनी, ती आपल्याच लोणच्याची म्हणून ओळखली. त्या दिवसापासून बायडाबाईनं एक नेम धरला. बाटलीच्या बाबतीत खात्रीबिगर बोलायचं नाही, आणि बोलली की ते खरंच असायचं, गिऱ्हाईक राजी होवो का नाराज. पुढं मुंबईहून जुन्या वस्तूंचे व्यापारी यायचे ते तिच्या या नेमापायीच. ओठाचा टवका उडालेला असला तर ती आधी टवका दाखवायची, मग बाटली.

माल शोधत ती आतल्या गावांतही जायची. सुरंगीला काळू नावाचा एक वारली मध काढायचा. त्याच्या घरात मधाला निळ्या काचेची एक बाटली होती. ठेंगणी, खांदे भरलेली, बुडाशी चांगली बेंबी, आणि तोंडाच्या आत काच घासून दुधी केलेली. अशा घासलेल्या तोंडात काचेचंच बूच गच्च बसतं, थेंब बाहेर येत नाही. पण बूच कधीच हरवलेलं. काळूनं चिंधी कोंबली होती. बायडाबाईनं त्याला झाकणाचे दोन नवे डबे दिले, काळू खूश झाला, आणि ती निळी घरी आली ती तिच्या मुलीची झाली.

मुलगी म्हणजे गुड्डी, एकुलती एक. आईनं आणलेल्या ढिगातून दर दिवाळीला एक बाटली गुड्डीनं निवडायची आणि ती विकायची नाही, असा दोघींचा ठराव होता. अशा करता करता खिडकीच्या फळीवर रांग लागली. सकाळचं ऊन त्यातून आलं की चाळीच्या भिंतीवर हिरवं, निळं, मधाच्या रंगाचं पाणी हलायचं आणि शेजारच्या बाया चहाचे कप घेऊन बघायला यायच्या.

गुड्डीचं लग्न ठरलं नवनाथशी. मुलगा खडोलीच्या कारखान्यात, घर दोंडाईच्याचं. मुलगा सरळ, घर खाऊन-पिऊन सुखी. फक्त एक गोष्ट सगळे दबक्या आवाजात सांगत. घरात राज्य नवनाथच्या आजीचं, भुराबाईचं. नवनाथची आई मंगला पन्नाशीला टेकली तरी सासूपुढं पदर सावरत उभी राहायची. त्या भुराबाईला नातसून पटली तर पोरीचं सोनं, नाही पटली तर जन्माची झाडलोट. बायडाबाईला घोर होता तो एवढाच.

आता लग्न म्हटलं की रुखवत आलं. मुलीकडून मांडायचं, लाडू, करंज्या, विणलेले रुमाल, मण्यांचे हत्ती. गुड्डीला सुई-दोरा धरता येत नव्हता. ती म्हणाली, "आई, आपल्या बाटल्या मांडू. एकदम झक्कास दिसशे."

"दारूना बाटला? लगीनमां?" बारकू ताडकन उठला. "लोक काय म्हनतीन? दारुड्यानी आंडेर, दारुड्यानी पोर करी म्हनतीन!"

"बाप्पा, दारूच्या नाय त्या, जुन्या हायेत. टेन्शन नका लेऊ."

"बाटलीवर लिखेल शे का, की आमनामां दारू नव्हती?"

बायडाबाई रुखवताचा विचार करत होती की नव्हती, ठाऊक नाही, पण नवऱ्याचं ऐकून तिचा विचार पक्का झाला. "ह्याच मांडूत," ती म्हणाली.

मे महिन्यात चाळीच्या मधल्या चौकात मांडव पडला. एका लांब टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बाटल्या उंचीनं लावलेल्या. मागं हिरवा पोटाळ बुधला, पुढं सोड्याच्या गोळीच्या, औषधाच्या चपट्या, अत्तराच्या बोटभर, आणि मधोमध ती निळी. लाडू-करंज्यांची परात कोपऱ्यात बिचारी एकटी. रांगोळी चाळीतल्या प्रमिलानं काढली, तिनं तर बाटल्यांमागं पिवळा बल्ब लावून दिला. मालतीबाई म्हणाल्या, "आमच्याकडे देवघराला पण इतकी शोभा नसते हो."

वऱ्हाड आलं. बायका रुखवतापाशी थबकल्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. आणि मधून वाट काढत भुराबाई आली. काटकुळी, पाठ ताठ, डोळ्यांवर जाड भिंगं, तोंडात तंबाखू. तिनं टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं आणि विहीणबाईला खणखणीत विचारलं, "याहीन, हाई रुखवत शे का बार?"

वऱ्हाड फिदीफिदी हसलं. नवरदेवाकडची एक जाडजूड आत्या पुढं सरून गाऊ लागली,

"रुखवत बघाया गेले, डोळे माझे फिरले,
लाडू-करंज्या कुठं गेल्या, बाटल्यांनी घर भरले!"

आता गप्प बसली तर ती बायडाबाई कसली? तिनं कमरेला पदर खोचला आणि तिथंच जुळवून टाकलं,

"बाटली माझी रिकामी, पाहा आत वाकून,
राखेनं घासली, नदीत धुतली, वास घ्या नाक लावून!"

हशा इकडून तिकडं गेला. आत्यानं खरंच एका बाटलीला नाक लावलं आणि ती शिंकली. भुराबाईच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. बोट निळ्या बाटलीवर गेलं.

"आनि हिले बूच नही? उघड्या डोकानी उभी करी शुभकार्यामां?"

"बूच हारपेल शे आजी."

"हारपस कसं? आमना घरमां बी शे निळी बाटली. माझ्या सासऱ्याले गोऱ्या साहेबानं दिधेल. घरमां कोनं बी लगीन असो, गुलाबपानी तिच्यातूनच. बूचसुद्धा जसं ना तसं. मंगले, आन!"

मंगला पुढं आली. हातात लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी, आणि ते तिनं असं धरलं होतं की जणू आत विंचू आहे. भुराबाईनं कापड सोडलं. निळी बाटली. अंगानं टेबलावरच्या निळीची बहीणच, वर काचेचं टपोरं बूच.

"तू बाटल्यांची पारखी ना? बठ्ठा सिल्वासामां तुनं नाव शे म्हनतस." भुराबाईनं बाटली बायडाबाईच्या हातात दिली. "मंग सांग. चारचौघांत सांग. कितली जुनी?"

वऱ्हाड टेबलाभोवती दाटलं. वाजंत्रीवाल्यानंसुद्धा पिपाणी तोंडातून काढली.

बायडाबाईनं सवयीनं बाटली उलटी केली. बेंबी नाही. बुडाला कडेनं बारीक दाणे, कारखान्याच्या पट्ट्यावर बाटली घसरू नये म्हणून पाडतात तसे. नख शिवणीवर ठेवलं. नख वर गेलं, मानेवरून ओठावर चढलं आणि पलीकडं उतरलं. ही बाटली गोऱ्या साहेबानं काय, साहेबाच्या नातवानंही बघितलेली नव्हती. केसांच्या तेलाची असावी. गुड्डीच्या जरा आगेमागेच जन्मलेली.

तिनं वर पाहिलं. भुराबाईच्या खांद्यामागं मंगला उभी होती. तोंडावरचा रंग उतरलेला, आणि मान अगदी बारीक, कुणाला दिसेल न दिसेल अशी, नाही-नाही म्हणून हलत होती.

बायडाबाई काय ते समजली. एवढ्या भरल्या घरात बाटली बदलली होती, आणि बदलणारी समोर उभी होती. आता खरं सांगावं तर ही बाई भर मांडवात सासूच्या तोंडी जाते, आणि उद्या त्याच घरात गुड्डीला नांदायचंय. खोटं सांगावं तर बाटलीच्या बाबतीत आजवर जे केलं नाही ते पोरीच्या लग्नात करायचं. त्यातून दत्तात्रय मास्तर! मास्तर शेजारीच उभे. त्यांनीही शिवण बघितली होती. त्यांचं तोंड उघडायला लागलं होतं, ज्ञान बाहेर पडायच्या बेतात होतं.

बायडाबाईनं परातीतला लाडू उचलला आणि मास्तरांच्या तोंडात कोंबला. "घ्या मास्तर, मुलीकडचे म्हनून उपाशी राहू नका." मास्तरांचे डोळे बाहेर आले, पण ज्ञान आत गेलं.

"बोल ना," भुराबाई म्हणाली. "वाचा बसनी का?"

"आजी, भरल्या मांडवात बाईचं वय इचारतस का कोनी? बाटली बी बाईमानूसच शे."

बायका खदखदल्या. भुराबाई काही हटली नाही. "मी सांगस मनं वय. अडुसष्ट. आते तिचं सांग."

बायडाबाई घाम पुसायला म्हणून थांबली आणि तिची बोटं आपोआप बुचाकडं गेली. बूच तोंडात खुळखुळत होतं. तिनं ते उपसलं, उजेडात धरलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. बुचाची दांडी हातानं घासून दुधी केलेली, कडेला कारागिराच्या सहाणेच्या आडव्या-तिडव्या रेघा, आत तांदळाएवढा एक बुडबुडा. बाटली कालची होती. बूच मात्र खरंखुरं जुनं होतं. टोपी आजोबाची, डोकं नातवाचं.

तिनं बूच उंच धरलं, सगळ्यांना दिसेल असं. "हाई बूच पाहा," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज बाटली विकतानाचा झाला. "हे हातानं घासेल शे. इतली वर्सं मी गावोगाव हिंडस, पन आस्सं बूच मना हाते आलं नही. शंभर वर्सांच्या आतलं असेल तर मी उद्यापासून पाटी उचलनार नही. ज्या घरानं हाई सांभाळं, त्या घरमां मनी आंडेर जास, मले दुसरं काय पाहिजे?"

यातला एक शब्द खोटा नव्हता. मांडवानं "वाह" केलं, वाजंत्रीवाल्यानं पिपाणी तोंडात घातली, भुराबाईची पाठ होती त्याहून ताठ झाली. "पारखी शे बाई," ती आत्याला म्हणाली. मास्तरांनी लाडू गिळला आणि बायडाबाईकडं असं बघितलं की जणू तीच शाळेत पहिली आली.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. बायडाबाई वरणाच्या पातेल्यामागं उभी होती तिथं मंगला आली, तिचं मनगट धरलं आणि तिला न्हाणीच्या आडोशाला घेऊन गेली.

"याहीन, तुमना पाय धरस मी."

"पाय सोड, पातेलं करपी जाई. कवय फुटनी?"

"नवनाथ रांगे तवय. पुसता पुसता हातमाईन सटकनी. बूच तेवढं राहिनं. मन्या सासू, आत्याबाई, शेतात व्हत्या. बाजारच्या दिवशी दोंडाईचामां तशीच शोधी आनी मी. तवयपासून..." मंगलानं हवेतच बाटली पुसल्यासारखा हात फिरवला. "रोज पुसस मी ती. रोज त्या म्हनतस, नीट पुस, साहेबानी शे. रोज!"

"मापाची कशी मिळाली पण? नुसत्या बुचावरून कसं कळनं?"

मंगलानं इकडंतिकडं बघितलं, कमरेचा बटवा काढला, सुपारी बाजूला केली, आणि तळातून चिंधीत बांधलेलं काहीतरी बाहेर काढलं. निळ्या काचेची मान, तोंडासकट. "हाई दाखाडी दुकानदारले. घरमां ठेवता येत नही, आत्याबाई उंदराचं बीळ बी सोडत नहीत. म्हनून जठे जास तठे संगे."

"इतली वर्सं सुपारीखाली?"

"इतली वर्सं."

बायडाबाईनं ती मान हातात घेतली. नख शिवणीवर ठेवलं. मग थांबली. परत एकदा नख चालवलं. मग बोट आत घालून फिरवलं. आत काच गुळगुळीत, घासलेली नाही, आणि शिवण तर ओठावर चढून सरळ पलीकडं.

"मंगला," ती सावकाश म्हणाली, "तू फोडी ती बी मशीनचीच व्हती."

"म्हंजे?"

"म्हंजे साहेबानी बाटली तू फोडीच नही. हाई पाहा शिवण. आनि आत पाहा, हे बूच ह्या तोंडाचं नव्हेच. तू लगीन करीसन येवाना आंगोदरच खरी बाटली फुटेल व्हती. कोनी तरी फोडी, नी दुसरी आनी ठेवी."

"पन कोन? तवय तर त्या बाटलीले आत्याबाईशिवाय कोनी हात बी..."

मंगला मध्येच थांबली. तिचे डोळे मोठे झाले. मग तिच्या पोटातून कुठून तरी आवाज आला, आधी उचकीसारखा, मग तो वाढतच गेला, आणि ती न्हाणीच्या भिंतीला टेकून हसू लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. बायडाबाईलाही धरवलं नाही. दोघी विहिणी एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून गदागदा हलायला लागल्या. पलीकडून पोळ्या लाटणाऱ्या बाया म्हणाल्या, "देख, पाठवणी अजून व्हयनी नही, नी दोन्ही रडतस!"

हसू ओसरल्यावर मंगलाच्या अंगात आलं. "मी जास नी तिले मांडवात सांगस! रोज नीट पुस, नीट पुस! मनी हाडं झिजाडी तिनं त्या तेलाच्या बाटलीपायी!"

"सांग," बायडाबाई म्हणाली. "आनि उद्यापासून त्या घरमां तीन बाया तीन कोपऱ्यांत. मनी आंडेर नवी, तिचा कोपरा सगळ्यांत अंधारातला. त्यापेक्षा बूच आन इकडे."

कापडासकट बाटली मंगलाच्याच ताब्यात होती. बायडाबाई जाऊन रुखवतावरची निळी घेऊन आली. बूच तिच्या तोंडात ठेवलं. गेलं, पण पाऊण वाटेवर अडलं. अशी बुचं एकेका तोंडासाठी घासलेली असतात, दुसऱ्या घरी लगेच रुळत नाहीत. बायडाबाईनं प्रमिलाच्या वाटीतली रांगोळीची चिमूट आणली, पाण्याचा थेंब टाकला, बुचाला लावली आणि फिरवू लागली. अर्धं फिरव, उचल, पुन्हा अर्धं फिरव. मंगला बाटली धरून बसली. काच काचेवर कर्रकर्र करत होती. मध्येच गुड्डी शालू सावरत आई शोधत आली, बघत राहिली आणि म्हणाली, "आई, मनं लगीन चालू शे ना?"

"चालू शे, चालू शे. तू जेव."

शेवटी बूच सरकलं आणि बसलं. बायडाबाईनं बाटली धुतली, बूच लावून उलटी केली, हलवली. खुळखुळ नाही. थेंब नाही. मंगलानं तिच्यात गुलाबपाणी भरलं आणि लाल कापड गुंडाळलं.

पाठवणीला सगळे दाराशी जमले. बारकू एका खांबाला धरून उभा होता, डोळे पुसत होता आणि धूर लागतोय म्हणून सांगत होता. चूल तर कधीच विझली होती. भुराबाईनं हात पुढं केला. "मंगले, गुलाबपानी."

मंगलानं बाटली दिली. भुराबाईनं कापड काढलं, सवयीनं बूच चिमटीत धरून उचललं. निघालं नाही. इतकी वर्षं जे बूच बोट लावताच डुगडुगायचं ते आज गच्च बसलं होतं. तिनं जरा पीळ दिला तेव्हा हलकेच "टक्" झालं आणि ते सुटलं. म्हातारी थांबली. बूच परत लावलं, परत काढलं. मग तिचा अंगठा बाटलीच्या ओठावर गेला, गोल फिरला, खाली मानेवर उतरला, आणि बुडाशी जाऊन त्या खरबरीत वणावर थांबला. जाड भिंगांतून तिनं आधी मंगलाकडं पाहिलं, मग बायडाबाईकडं. मंगलानं आयुष्यात पहिल्यांदा नजर खाली केली नाही.

"कोठे सापडनी?" भुराबाईनं हळूच विचारलं.

"सुरंगीले. मधाची व्हती," बायडाबाई म्हणाली.

"आश्शीच व्हती." अंगठा अजून वणावर होता. "तुना नवरा नुकता शाळामां जावाले लागना व्हता, मंगले. चुलीवर ठेवी नी तडकनी. सासऱ्यानं जीव घेतला असता मना. रातोरात दुसरी आनी. इतली वर्सं कोनी वळखी नही, म्हनून आज पारखीपुढं बी धरी..." ती एकदम थांबली. तिला काहीतरी सुचलं. "थांब. मी आनेल ती कोठे गयी मंग?"

मंगलानं बटवा उघडला आणि निळी मान सुपारीसकट सासूच्या तळहातावर ठेवली.

भुराबाईनं मान बघितली. मंगलाला बघितलं. आणि ती हसली. दात नव्हते, म्हणून हसू पूर्ण दिसलं. "तू बी?" ती म्हणाली. "नी मी रोज तुले..."

"रोज!" मंगला म्हणाली. "रोज, आत्याबाई!"

वऱ्हाडाला काही कळलं नाही. सासू-सून पाठवणीच्या वेळी एकमेकींकडं बोट दाखवून हसताहेत, आणि मुलीची आईही त्यांच्यात, एवढंच त्यांना दिसलं. जाडजूड आत्या म्हणाली, "हाई घर कामातून गयं." भुराबाईनं बाटली पालथी केली आणि गुलाबपाणी असं शिंपडलं की गुड्डीचा शालू, नवनाथची टोपी, बारकूचे डोळे, मास्तरांचा चष्मा, वाजंत्रीवाल्याची पिपाणी, काही म्हणजे काही कोरडं राहिलं नाही. मग तिनं बूच पिळून घट्ट बसवलं आणि बाटली गुड्डीच्या ओटीत ठेवली.

"हाई आते तुनी, नातसूनबाई," ती म्हणाली. "फुटनी तं फुटनी. बूच तितलं सांभाळजो."

गाडी गेली. चौकात पत्रावळी उडत होत्या. दत्तात्रय मास्तर चष्मा पुसत आले. दुपारपासून पोटात धरलेलं त्यांना आता सांगून टाकायचं होतं.

"बाई, ती बाटली तेलाची होती."

"माहीत शे," बायडाबाई म्हणाली. तिनं मागं राहिलेली ती मशीनची निळी उचलली, सवयीनं तिच्या तोंडावर एक फुंकर मारली, आवाज ऐकला, आणि उद्याच्या गोणीत टाकून दिली.